पुरावा मागणारी कादंबरी

(कोलकात्यातल्या मराठी मंडळींसमोर एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते इतिहास शिकवत. वर्गात कुणीही काहीही ठामपणे सांगितलं, की ते विचारत, "आधार काय?" त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला हे सांगितलं, तेव्हाच आजचा विषय मनाशी पक्का झाला. मी रहस्यकादंबरीवर बोलणार आहे, कारण आधार मागण्याची सवय सामान्य वाचकाला ज्या साहित्यप्रकाराने लावली, तो हाच.

अबीर मुखर्जी यांच्या सॅम विंडम मालिकेपासून सुरुवात करतो. मुखर्जींचा जन्म लंडनचा, वाढले स्कॉटलंडमध्ये, घर बंगाली. 'अ रायझिंग मॅन' ही मालिकेतली पहिली कादंबरी २०१६ साली आली. तिच्यात १९१९ सालचं कोलकाता आहे. त्यानंतरच्या 'अ नेसेसरी ईव्हिल', 'स्मोक अँड ॲशेस', 'डेथ इन द ईस्ट' आणि 'द शॅडोज ऑफ मेन' या कादंबऱ्या आपल्याला १९२० ते १९२३ पर्यंत नेतात. स्कॉटलंड यार्डमधून आलेला, महायुद्धाने आतून मोडलेला, अफूच्या आहारी गेलेला कॅप्टन विंडम आणि त्याचा सहकारी, केंब्रिजमध्ये शिकलेला सार्जंट सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अशी ही जोडी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रहस्यकादंबरी पुराव्यावर उभी असते. परकी सत्ता अडचणीत आली, की सगळ्यात आधी पुराव्याची अट काढून टाकते. पारतंत्र्याच्या काळातली रहस्यकादंबरी या दोन गोष्टींना समोरासमोर उभं करते. खुनी सापडतो, पण न्याय झाला असं वाचकाला वाटत नाही. ही बोच हेच या प्रकाराचं मोल आहे, आणि मराठीने ते अजून पुरतं वसूल केलेलं नाही.

पुराव्याची ही गोष्ट आपण जमलो आहोत त्या डमडमपासूनच पाहू. बहुतेकांना डमडम म्हटलं की विमानतळ आठवतो. पण डमडम हे दीर्घकाळ दारूगोळ्याचं गाव होतं. मीरतला जाण्याआधी बंगालच्या तोफखान्याचं मुख्य ठाणं इथे होतं आणि काडतुसांचा कारखानाही इथलाच. १८५७ च्या जानेवारीत एनफिल्ड रायफलीचं शिक्षण देण्यासाठी शिपायांना इथे आणलं होतं. कारखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने जात विचारून नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला, की लवकरच तुम्हाला गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसं दातांनी तोडावी लागतील, मग कुठे राहील तुमची जात? कॅप्टन राइट याने ही हकिकत वरिष्ठांना कळवली. ती जनरल हिअर्सीपर्यंत गेली. कागद वर सरकत राहिले. दोन महिन्यांनी, २९ मार्चला, बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला.

रहस्यकथेच्या वाचकाच्या नजरेने या प्रसंगाकडे पाहा. खलाशाचं नाव कागदावर नाही. शिपायाचं नाही. कळवणाऱ्या साहेबांची नावं मात्र हुद्द्यासकट आहेत. सरकारी दप्तरात इथल्या माणसाचं बोलणं उतरतं आणि बोलणारा गळतो. ऐतिहासिक कादंबरीकाराचं काम नेमकं तिथे सुरू होतं.

याच कारखान्यात १८९० च्या दशकात दुसरी गोष्ट घडली. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती, की नवी, धातूच्या कवचाची गोळी शत्रूच्या शरीरातून आरपार जाते आणि माणूस तरीही पुढे येत राहतो. डमडमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. अशी गोळी अंगात शिरली की पसरते आणि जखम भयानक मोठी होते. जगभर तिला याच गावाचं नाव मिळालं. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा, की सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की थांबतो, 'रानटी' माणूस थांबत नाही. ठराव झाला. त्यात एक कलम होतं: सह्या करणाऱ्या राष्ट्रांमध्ये आपापसात युद्ध झालं तरच तो लागू. ज्यांच्यासाठी ती गोळी बनवली होती, त्यांना त्या कायद्यात जागाच नव्हती.

मुखर्जींची तिसरी कादंबरी, 'स्मोक अँड ॲशेस', डिसेंबर १९२१ मध्ये घडते. युवराज कोलकात्यात येणार आहेत, चित्तरंजन दासांचे स्वयंसेवक रस्त्यावर आहेत आणि शहरात खून पडताहेत. खुनांचा माग काढत विंडम सैन्याने मस्टर्ड वायूचे प्रयोग कुणाच्या अंगावर केले, या प्रश्नापाशी येतो. रावळपिंडीत हिंदी सैनिकांवर असे प्रयोग खरोखरच झाले, १९३० च्या दशकात. कादंबरीकाराने ते आधीच्या काळात नेले. मला ते पटतं, कारण डमडमची गोळी आणि रावळपिंडीचा वायू यांच्यामागचा विचार एकच आहे: काही शरीरं कायद्याच्या हिशेबात धरायची नाहीत. कादंबरी ही गोष्ट भाषणाने सांगत नाही. प्रेताच्या तपासणीतून सांगते. म्हणून ती मनात रुतते.

आता दुसरी बाजू, कारण कोलकात्याशी प्रामाणिक राहायचं तर तीही सांगायला हवी. जगातली पहिली बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ साली याच शहरात उघडली. श्रेय एडवर्ड हेन्री यांना मिळालं आणि पुढे त्यांनी ती पद्धत स्कॉटलंड यार्डात नेली. ठशांचं वर्गीकरण ज्या गणितावर चालतं, ते बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचा मोठा वाटा होता. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर, पण पद्धतीला नाव राहिलं हेन्रींचं. लंडनच्या डिटेक्टिव्हच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार इथल्या माणसांनी घासूनपुसून दिलं होतं.

या पद्धतीचा पहिला मोठा खटला जलपायगुडीचा, १८९८ चा. चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला सापडला, तिजोरीतले पैसे गेलेले. संशय अनेकांवर होता. सामानात एक बंगाली पंजिका सापडली, आणि तिच्या कव्हरावर रक्ताचा पुसट ठसा. कचेरीतल्या नोंदींशी तो ताडला, तेव्हा तो आधी शिक्षा झालेल्या कंगालीचरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याचा निघाला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून सोडलं. कारण खून होताना कुणी पाहिलेलं नव्हतं आणि तेवढ्या ठशावर फाशी देणं त्यांना धोक्याचं वाटलं.

हा निकाल मला फार बोलका वाटतो. म्हणजे पुराव्याबद्दल काटेकोर राहणं या राज्याला ठाऊक होतं. खुनासारख्या गंभीर खटल्यातही ते जमत होतं. आणि म्हणूनच जेव्हा तेच राज्य पुराव्याकडे पाठ फिरवतं, तेव्हा त्याला अज्ञानाची सबब उरत नाही. १८१८ चा तिसरा रेग्युलेशन बंगालमध्ये होता, मुंबई इलाख्यात १८२७ चा पंचविसावा होता. दोन्हींचा अर्थ एकच: सरकारला वाटलं तर खटल्याशिवाय कोठडी. १९०८ च्या डिसेंबरात अश्विनीकुमार दत्त आणि कृष्णकुमार मित्र यांना असंच उचललं. आपल्याकडे १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंनाही असंच डांबलं होतं.

'अ रायझिंग मॅन' १९१९ च्या एप्रिलमध्ये घडते, हे मुखर्जींचं सर्वात मोठं चातुर्य. मार्चमध्ये रौलट कायदा झाला होता: खास न्यायासन, बंद दाराआडची सुनावणी, अपील नाही. लोकांनी त्याचं 'ना वकील, ना दलील, ना अपील' असं नेमकं वर्णन केलं. एप्रिलमध्ये विंडम कोलकात्यात रुजू होतो आणि एका बड्या गोऱ्या अधिकाऱ्याचं प्रेत उत्तर कोलकात्याच्या गल्लीत सापडतं. तोंडात चिठ्ठी कोंबलेली असते: इंग्रजांनो, देश सोडा. सगळी बोटं बिनय सेन या क्रांतिकारकाकडे वळतात. लष्करी गुप्तवार्ता खात्याला प्रकरण झटपट मिटवायचं आहे. विंडमला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे, की हे खरोखर त्याने केलं का. सेनवर त्याचं प्रेम नाही, साम्राज्यावर त्याचा राग नाही. तो जुन्या वळणाचा डिटेक्टिव्ह आहे, पुरावा मागतो. आणि रौलटच्या त्या दिवसांत नुसता पुरावा मागणं हेच सत्तेला आव्हान ठरतं. मध्येच अमृतसरची बातमी झिरपत येते, आधी कुजबूज म्हणून. कादंबरीतल्या एका खुनाच्या तपासाशेजारी जालियनवाला बागेतला, साहेबाच्या हुकमाने झालेला संहार येऊन उभा राहतो. एका खुनाचा तपास करायला अख्खं खातं आहे, आणि शेकडोंच्या खुनाला खातंच नाही. पान उलटताना वाचकाच्या हे आपोआप ध्यानात येतं.

सुरेंद्रनाथ बॅनर्जीकडे मी आपलं जास्त लक्ष वेधू इच्छितो. घरचे त्याच्या नोकरीवर नाराज, गोरे सहकारी त्याचं नाव धड घेत नाहीत. ही कोंडी कल्पनेतून आलेली नाही. इथल्या पोलीस खात्यात असे अनेक सुरेंद्रनाथ होते. प्रियनाथ मुखोपाध्याय तीसहून अधिक वर्षं कोलकाता पोलिसांच्या डिटेक्टिव्ह खात्यात होते आणि १८९२ पासून त्यांनी 'दारोगार दप्तर' चालवलं. त्यात गुन्ह्यांच्या तपासाच्या दोनशेहून जास्त कथा आल्या. दुसऱ्या टोकाला नंदलाल बॅनर्जी. १९०८ च्या मेमध्ये मोकामा स्थानकावर त्याने क्रांतिकारक प्रफुल्ल चाकीला गाठलं आणि प्रफुल्लने स्वतःवर गोळी झाडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नंदलालचा कोलकात्यात खून झाला. क्रांतिकारकांवरच्या माणिकतला बाँब खटल्याचं काम पाहणारे शम्सुल आलम १९१० च्या जानेवारीत हायकोर्टाच्या आवारात गोळीला बळी पडले. या माणसांना देशद्रोही म्हणून मोकळं होणं सोपं आहे. कादंबरी तसं मोकळं होऊ देत नाही. घरी गेल्यावर हा माणूस आईच्या नजरेला नजर कशी देत असेल, हे ती विचारायला लावते.

मालिकेबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि मुखर्जींनी स्वतःच तिला उत्तर दिलं, याचा मला आनंद आहे. पहिल्या चार कादंबऱ्या विंडमच्या तोंडून येतात. कोलकाता, तिथली माणसं, बॅनर्जीसुद्धा, आपल्याला इंग्रजाच्या नजरेतून दिसतात. पाचव्या 'द शॅडोज ऑफ मेन'मध्ये, १९२३ च्या हिंदू-मुस्लीम तणावाच्या दिवसांत, बॅनर्जीवरच खुनाचा आळ येतो आणि तो आळीपाळीने स्वतः बोलू लागतो. आरोपी झाल्यावरच इथल्या माणसाला निवेदकाची जागा मिळते. मला हा वळणबिंदू फार अर्थपूर्ण वाटतो. डमडमच्या त्या बिननावाच्या खलाशाला इतक्या वर्षांनी बोलायला मिळावं, तसं वाटतं.

श्रोतेहो, आता आपल्याकडे वळतो. ज्या अहवालावरून रौलट कायदा झाला, तो १९१८ चा राजद्रोह समितीचा अहवाल उघडा. पहिलं प्रकरण बंगालचं नाही. ते पुण्याचं आहे: चापेकर बंधू आणि १८९७ चा प्लेग अधिकारी रँडचा खून. सरकारच्या लेखी कट पुण्यात सुरू होऊन कोलकात्यात येतो. आणि धागे खरेच होते. हेमचंद्र कानुनगो आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, पॅरिसला रशियन निर्वासितांकडून बाँबविद्या शिकले. माणिकतल्याच्या बागेवर २ मे १९०८ ला छापा पडला, तेव्हा बाँबचं जे हस्तपुस्तक सापडलं, त्याचीच प्रत पुढच्या वर्षी नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत निघाली. मुझफ्फरपूरच्या बाँबवर लिहिलेल्या 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षं मंडालेला जावं लागलं. आणि याच शहरात सखाराम गणेश देउस्कर हे मराठी गृहस्थ बंगालीत 'देशेर कथा' लिहीत होते. सरकारने ते पुस्तक १९१० मध्ये जप्त केलं.

पुण्याचं ते प्रकरण रहस्यकादंबरीच्या नजरेने उघडून पाहू. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या बंगल्यावरून रात्री गाड्या परततात. अंधारात दोन गाड्यांवर गोळ्या झाडल्या जातात. एकीत रँड, दुसरीत चुकून लेफ्टनंट आयर्स्ट. शहर प्लेगने पोळलेलं. सोजिरांनी घरात शिरून केलेली तपासणी आणि देव्हाऱ्यापर्यंत गेलेले बूट लोकांच्या मनातून जात नाहीत. वीस हजारांचं बक्षीस लागतं. ब्रुइन नावाचा अधिकारी खबऱ्यांमागे लागतो. शेवटी द्रविड बंधू माहिती देतात आणि दामोदर चापेकर सापडतो. १८ एप्रिल १८९८ ला त्याला फाशी होते. १८९९ च्या फेब्रुवारीत दोघे द्रविड बंधू गोळ्यांना बळी पडतात, त्याच मेमध्ये वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर फासावर जातात. आणि दामोदरने येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त पोलिसांच्या दप्तरात जाऊन पडतं.

यात सगळं आहे: गुन्हा, बक्षीस, खबरी, फितुरी, सूड, आरोपीची जबानी. खरा प्रश्नही आहे. रँडच्या खुनाला खटला आहे. प्लेगच्या नावाखाली घराघरात जे झालं, त्याला नाही. 'केसरी'तल्या लिखाणासाठी टिळकांना त्याच वर्षी दीड वर्षाची शिक्षा, नातू बंधूंना खटल्याविना कोठडी. पुण्याच्या पोलिसांत तेव्हा एखादा मराठी जमादार असेलच. दिवसा तो सोजिरांबरोबर पेठांतून फिरला असेल, रात्री त्याच्या घरात प्लेगची गाठ आली असेल. त्याची कादंबरी कुठे आहे?

१९७९ साली जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी '२२ जून १८९७' हा चित्रपट केला आणि सिनेमाने आपलं काम केलं. आपल्या रहस्यकथेने वाचक घडवले, यात शंका नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहून गावोगावच्या माणसाला वाचायला लावलं. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, अशोक जैनांनी सत्यजित रायांचा फेलूदा आणला. पण आपल्याकडे रहस्य एका कपाटात राहिलं आणि इतिहास दुसऱ्या. ऐतिहासिक कादंबरी गडावर गेली, रहस्यकथा बंगल्यात शिरली. मधला, पारतंत्र्याचा काळ, चरित्रांनी आणि गौरवग्रंथांनी व्यापला. गौरवात शंकेला जागा नसते, आणि शंकेविना रहस्यकादंबरी एक पान पुढे सरकत नाही.

एक बंगाली लेखक या दोन्ही कपाटांना सहज हात घालत होता, आणि तो आपल्याच पुण्यात राहत होता. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय मुंबईच्या चित्रसृष्टीतून १९५२ मध्ये पुण्याला आले आणि शेवटपर्यंत तिथे राहिले. त्यांनी शिवकाळातल्या सदाशिव या पोराच्या साहसकथा बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ब्योमकेश स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, सरकारी नोकर नाही. १९३२ साली, सत्ता डोक्यावर असताना लिहिणाऱ्याला तेवढीच मोकळीक होती: पोलिसाला बगल देऊन सत्याकडे जायचं. आज लिहिणाऱ्याला पोलीस ठाण्याच्या आत शिरता येतं. मुखर्जींनी तेच केलं. सुजाता मॅसी यांनी आपल्या मुंबईत, १९२१ च्या पर्वीन मिस्त्री या वकील नायिकेला उभं केलं. तिच्यामागे नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची सावली आहे. मॅसी तिला सह्याद्रीतल्या संस्थानातही घेऊन जातात. आपल्या मातीवर इंग्रजीत मालिका उभ्या राहिल्या, याबद्दल माझ्या मनात असूया नाही, आनंदच आहे. पण माजघरात कुजबुजलेलं, जमादाराने तपासवहीत बदलून लिहिलेलं, भाऊबंदांनी एकमेकांपासून लपवलेलं जे काही आहे, ते मराठीतच नीट ऐकू येईल.

अशा मालिकेसाठी लागतं ते सगळं हाताशी आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात पोलिसांची आणि न्यायखात्याची दप्तरं आहेत. 'केसरी', 'सुधारक', 'ज्ञानप्रकाश' यांचे अंक आहेत. प्लेगच्या नोंदी आहेत. एकच अवघड अट आहे: लेखकाने उत्तर आधी ठरवून बसू नये. चापेकर आपले म्हणून त्यांच्यावर प्रश्न नाहीत, द्रविड फितूर म्हणून त्यांच्या घरात डोकावायचं नाही, ब्रुइन गोरा म्हणून त्याला अक्कल नाही, असं धरलं तर मालिका पहिल्याच पुस्तकात संपेल. मुखर्जींनी विंडमला अफूबाज केलं, बॅनर्जीला दुभंगलेला ठेवलं, क्रांतिकारकाला कधी निर्दोष आणि कधी निर्दयही दाखवलं. साम्राज्याविरुद्धचा त्यांचा आरोप या प्रामाणिकपणामुळेच अधिक जड होतो. स्वतःच्या माणसालाही पुरावा मागणारा लेखक जेव्हा सत्तेला पुरावा मागतो, तेव्हा सत्तेला उत्तर देता येत नाही.

इथे बसलेल्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे. तुमच्यापैकी बरेच जण मराठी आणि बंगाली दोन्ही वाचता. पुणे, नाशिक, पॅरिस, माणिकतला हा माग एकाच हाताने काढू शकतील अशी माणसं महाराष्ट्रात फार नाहीत. या शहरात आहेत. लालबाजारच्या पोलिसांच्या गोष्टी बंगालीत वाचा, येरवड्याचे कागद मराठीत वाचा, आणि दोन शहरांमधून धावणारी एक कादंबरी लिहायला घ्या. पहिलं पुस्तक कच्चं निघालं तरी चालेल, मालिकेत दुसरं असतं. तुमचा तपासनीस पोलीस असो, वकील असो, प्लेगच्या छावणीतली परिचारिका असो, त्याने किंवा तिने गोऱ्या साहेबाला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना तोच एक प्रश्न विचारावा, जो या व्याख्यानमालेमागचे ते शिक्षक वर्गात विचारत: आधार काय?